साच्यातील पोकळ मूर्ती व प्रतिकृती

साच्याच्या आतील पृष्ठभागावर माती, कागदाचा लगदा, प्लॅस्टर किंवा प्लॅस्टिक यांसारख्या पदार्थाचा पातळ थर बसवून, तो घट्ट झाल्यावर बाहेर काढून, जोडून व बहुधा रंगवून तयार केलेली देवता, मानव, प्राणी वा काल्पनिक जीव यांची आतून पोकळ आकृती. पूजेची मूर्ती, शोभेची बाहुली, मुलांचे खेळणे आणि प्रौढ छांदिष्टाने घरी जोडून रंगवायचा प्रतिकृतिसंच ही या वर्गातील वस्तूंची मुख्य रूपे होत. त्यांचे हेतू एकमेकांहून फार भिन्न आहेत. तथापि मूळ नमुना, साचा, ओतकाम, सांधेजोड व रंगकाम हा निर्मितीचा क्रम सर्वत्र जवळजवळ सारखाच आढळतो. मराठवाड्यातील सातवाहनकालीन मृण्मूर्ती, पेण येथील गणेशमूर्ती आणि विसाव्या शतकात जपानमध्ये विकसित झालेल्या मऊ व्हिनिलच्या विज्ञानकाल्पनिक प्रतिकृती ही या परंपरेची तीन ठळक उदाहरणे आहेत.

पोकळपणाचे प्रयोजन : भरीव आकृतीस पदार्थ अधिक लागतो आणि ती जड होते. मातीची भरीव आकृती भाजताना आतील ओलावा बाहेर पडू शकत नाही व ती तडकते. प्लॅस्टिकचा जाड गोळा सर्वत्र सारखा तापत वा निवत नाही, त्यामुळे त्याचा आकार बिघडतो. सर्वत्र सारख्या जाडीचा पातळ थर असल्यास या अडचणी टळतात. मात्र पोकळ आकृतीला सांधा येतो किंवा पदार्थ बाहेर ओतण्यासाठी तोंड ठेवावे लागते. हा सांधा लपविणे व तोंड बुजविणे हा कारागिराच्या कौशल्याचा महत्त्वाचा भाग असून त्यानंतरच रंगकामास प्रारंभ होतो.

प्राचीन काळ : भारतात मातीच्या आकृती प्रथम हातानेच घडविल्या जात. पुढे केवळ दर्शनी बाजूसाठी एक साचा वापरण्याची पद्धत आली. दख्खनमध्ये सातवाहन काळात पुढील व मागील बाजूंसाठी दोन स्वतंत्र साचे वापरून पोकळ मूर्ती करण्याचे तंत्र चांगलेच रूढ झाले. तेर, पैठण, भोकरदन व नेवासे ही महाराष्ट्रातील आणि कोंडापूर हे तेलंगणातील स्थळ अशा मूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत.

यांपैकी तेर (जि. धाराशिव, पूर्वीचे उस्मानाबाद) हे तेरणा नदीकाठी वसले असून ते पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात उल्लेखिलेले तगर होय, असे जे. एफ्. फ्लीट यांनी १९०१ मध्ये प्रतिपादिले. त्या ग्रंथात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या अंतरावर पैठण आणि तेथून पूर्वेस सु. दहा दिवसांच्या अंतरावर तगर असल्याचे म्हटले आहे. प्रत्यक्षात तेर पैठणच्या आग्नेयीस असून सरळ अंतर सु. १५० किमी. आहे. या दोन स्थळांना जोडणारी रेषा आजच्या बीड शहराच्या अगदी जवळून जाते. त्यामुळे सिंदफणा व मांजरा या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांचा प्रदेश, म्हणजेच आजचा बीड जिल्हा, हा या दोन नगरांमधील स्वाभाविक वाटेवरचा मुलूख ठरतो. मातीच्या नाजूक वस्तू, कापड व मणी यांचा व्यापार करणाऱ्या तांड्यांना तो ओलांडावा लागत असला पाहिजे.

तेर येथील मूर्तींपैकी बऱ्याच केओलिन या पांढऱ्या, अतिशय बारीक कणांच्या मातीच्या आहेत. मळलेल्या मातीची पातळ पोळी दोन्ही साच्यांत दाबून बसवीत, दोन्ही अर्धे ओले असतानाच कडांना जोडीत आणि सांध्यावरून कोरणी फिरवून तो पुसून टाकीत. केशरचनेतील बारकावे, शिरोभूषणे, कर्णभूषणे व स्मितयुक्त मुखे यांमुळे या मूर्ती लक्ष वेधून घेतात. स्त्रीमूर्ती, शिरोहीन मातृदेवता व प्राणी असे त्यांचे विषय आहेत. दुहेरी साच्याच्या तंत्राचा प्रसार काही अभ्यासकांनी रोमन जगाशी असलेल्या संपर्काशी जोडला आहे. तेर व भोकरदन येथील हस्तिदंती स्त्रीमूर्तींचे पाँपेई येथे मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी असलेले साम्य या संपर्काची साक्ष देते. परंतु मूर्तींची शैली व विषय हे निःसंशय देशी आहेत. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या वस्तूंचा संग्रह आता त्यांच्याच नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. बी. एन्. चापेकर यांच्या उत्खननाचा अहवाल १९६९ मध्ये, तर भोकरदन येथील शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांच्या उत्खननाचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला.

ग्रीसमध्ये इ. स. पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धापासून तयार होऊ लागलेल्या टॅनाग्रा मृण्मूर्तीही साच्यातीलच होत. त्या भाजण्यापूर्वी त्यांवर पांढऱ्या मातीचा लेप देत व भाजल्यानंतर त्यावर रंग चढवीत. रंगापूर्वी सारखा पांढरा लेप देण्याची ही युक्ती पेणच्या कारखान्यांत आणि आधुनिक छांदिष्टाच्या मेजावर आजही जशीच्या तशी आढळते.

पेणची परंपरा : लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रसार झाला आणि मूर्तींची मागणी वाढली. रायगड जिल्ह्यातील पेण येथे मूर्तिकाम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आले होते. पुढे पेण शहर आणि हमरापूर, जोहे, कळवे इ. परिसरातील गावे या व्यवसायाचे प्रमुख केंद्र बनली. प्रारंभी शाडूची माती साच्यात दाबून मूर्ती करीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा वापर वाढला. शाडूची मूर्ती जड व ठिसूळ असते आणि वाळण्यास बरेच दिवस घेते. प्लॅस्टरची मूर्ती काही मिनिटांत घट्ट होते, वजनाने हलकी असते व दूरवर पाठविता येते.

मूळ नमुना मातीत घडविल्यावर त्यावर रबराचे थर देऊन लवचिक साचा करतात व त्याला बाहेरून प्लॅस्टरच्या कवचाचा आधार देतात. साच्यात पातळ प्लॅस्टर ओतून तो फिरवितात, त्यामुळे आतून सारखा थर बसतो. नारळाच्या काथ्याने या थरास बळकटी आणतात. रबर सोलल्यासारखे निघत असल्याने दागिन्यांचे खोलगट बारकावेही मोडत नाहीत. नंतर सांधे घासणे, भेगा बुजविणे, पांढरा हात देणे, अंगाचा रंग, वस्त्रे, दागिने व सोनेरी काम असा क्रम असतो. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी व सर्वांत निष्णात हाताकडून होते. अन्य कामे मजुरीवर वाटून देता येतात. आखणी मात्र बिघडली, तर सगळी मूर्ती बिघडली असे मानले जाते.

या व्यवसायाची एक बाजू प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. पेण परिसरातून मोठ्या संख्येने न रंगविलेल्या, म्हणजे कच्च्या मूर्ती परगावी जातात आणि तेथील कारागीर त्या आपापल्या पद्धतीने रंगवून विकतात. नमुना एकाचा, ओतकाम दुसऱ्याचे व रंग तिसऱ्याचा अशी ही विभागणी आहे. एकाच साच्यातून निघालेल्या दोन मूर्ती दोन गावांत रंगविल्या गेल्या की, त्यांचे भाव निरनिराळे दिसतात. प्रतिकृतिसंचाचे सारे शास्त्र याच अनुभवावर उभे आहे.

मऊ व्हिनिल : व्हिनिल क्लोराइड हा वायू आंरी व्हीक्तॉर रेन्यो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८३५ मध्ये तयार केला. १८७२ मध्ये ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी सूर्यप्रकाशात त्याचे घन बहुवारिक बनते, असे दाखविले. तो पदार्थ कठीण व ठिसूळ असल्याने बराच काळ निरुपयोगी राहिला. १९२६ मध्ये अमेरिकेतील बी. एफ्. गुडरिच कंपनीचे वॉल्डो सीमन (१८९८–१९९९) यांनी त्यात उच्च उत्कलनबिंदूचे द्रव मिसळून तो रबरासारखा लवचिक केला. या द्रवांना प्लॅस्टिकीकारक म्हणतात. भारतात पॉलिव्हिनिल क्लोराइडचे उत्पादन १९६१ मध्ये मुंबईत सुरू झाले.

प्लॅस्टिकीकारकात बारीक चूर्ण कालवून केलेला दाट द्रव तापविलेल्या धातूच्या साच्यात ओतला असता साच्यास लागलेला थर प्रथम गोठतो. आतला न गोठलेला द्रव परत ओतून घेतात व साचा पुन्हा सु. १५०° ते २००° से. तापमानापर्यंत तापवून थर पक्का करतात. साचा निववून आकृती अद्याप कोमट असतानाच ती चिमट्याने तोंडातून ओढून काढतात. पदार्थ लवचिक असल्याने रुंद छातीची आकृतीदेखील अरुंद तोंडातून बाहेर येते व पुन्हा मूळ आकार घेते. हा साचा करण्यासाठी मेणाच्या नमुन्यावर विद्युत् विलेपनाने तांबे वा निकेल यांचा थर चढवितात आणि नंतर मेण वितळवून काढतात.

जपानमधील विकास : दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपान सेल्युलॉइडच्या खेळण्यांचा मोठा निर्यातदार होता. सेल्युलॉइड सहज पेट घेते, म्हणून १९५० नंतरच्या दशकात त्याची जागा व्हिनिलने घेतली. याच सुमारास विज्ञानकाल्पनिक चित्रपटांची लाट आली. ईशिरो होंडा दिग्दर्शित गोजिरा (गॉडझिला) हा चित्रपट ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झाला. त्यातील चमत्कृतिदृश्ये एजी त्सुबुराया यांची होती. रबरी पोशाख घातलेला नट लहान आकारात बांधलेल्या नगरातून चालवून त्यांनी महाकाय प्राण्याचा आभास निर्माण केला. अणुबाँबच्या विध्वंसाची आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये प्रशांत महासागरातील अमेरिकन हायड्रोजन बाँबच्या चाचणीत सापडलेल्या जपानी मच्छीमार नौकेची स्मृती या कथेमागे होती. खेळणे म्हणून घराघरांत गेलेल्या या प्राण्याचा उगम असा गंभीर आहे.

त्सुबुराया यांच्या संस्थेच्या अल्ट्रा क्यू (जानेवारी १९६६) व अल्ट्रामॅन (जुलै १९६६) या दूरचित्रवाणी मालिकांनी दर आठवड्यास नवा राक्षसी जीव मुलांसमोर आणला. मारुसान या तोक्योतील कंपनीने त्याच वर्षी या जीवांची मऊ व्हिनिलची खेळणी विक्रीस काढली व ती अत्यंत लोकप्रिय झाली. १९६८ मध्ये ही कंपनी बुडाल्यावर तिच्यातील काही जणांनी १९६९ मध्ये स्थापिलेल्या बुलमार्क या कंपनीने हे काम १९७७ पर्यंत पुढे चालविले. ही खेळणी गोंडस व भडक रंगांची होती. पडद्यावरील रूपाशी तंतोतंत मिळतेजुळतेपण हा त्यांचा हेतू नव्हता.

त्यांच्याशी खेळलेली मुले मोठी झाल्यावर मात्र तिला तेवढ्याने समाधान वाटेना. पडद्यावर दिसलेला जीव कातडीच्या सुरकुत्यांसह हुबेहूब हवा, या आग्रहातून १९८० च्या सुमारास ‘गॅरेज किट’ या नावाने ओळखली जाणारी घरगुती प्रतिकृतिनिर्मिती सुरू झाली. ओसाका भागातील कायोदो (स्थापना १९६४) व जनरल प्रॉडक्ट्स (१९८२) आणि तोक्योतील बिलिकेन या संस्था तीत अग्रेसर होत्या. बिलिकेनने जुन्या अमेरिकन विज्ञानकाल्पनिक चित्रपटांतील परग्रहवासीयांचे व्हिनिल संचही काढले. जनरल प्रॉडक्ट्सने सुरू केलेल्या व १९९२ पासून कायोदोने चालविलेल्या वंडर फेस्टिव्हल या मेळाव्यात हौशी शिल्पकार आपले संच विकतात. पात्रांचे हक्कधारक त्या एका दिवसापुरता विक्रीचा परवाना देतात. चोरटी नक्कल आणि महागडा कायम परवाना यांमधील हा मार्ग या छंदाच्या वाढीस फार उपकारक ठरला.

थोड्या प्रती हव्या असल्यास सिलिकोन रबराचा साचा व पॉलियुरेथेन रेझीन वापरतात. असा साचा काही डझन प्रतींनंतर झिजतो. धातूचा साचा खर्चिक असला, तरी तो दीर्घकाळ टिकतो. म्हणून मोठ्या संख्येने विकावयाच्या संचांसाठी व्हिनिल पसंत केले गेले. अमेरिकेत ऑरोरा कंपनीने १९६१ मध्ये फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा कठीण पॉलिस्टायरिनचा संच काढून या प्रकारास लोकप्रियता मिळवून दिली होती. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हॉरायझन व स्क्रीमिन या कंपन्यांनी तेथे जपानी धर्तीचे मोठे व्हिनिल संच आणले.

जोडणी व रंगकाम : संचातील धड, हात, पाय, शेपूट, मस्तक इ. भाग सुटे असतात व त्यांच्या तोंडांशी अनावश्यक कडा शिल्लक असतात. भाग गरम पाण्यात बुडवून मऊ करतात व धारदार पात्याने कडा कापतात. वाकडा झालेला पायही असाच सरळ करून थंड पाण्यात धरतात. साच्यातील तेलकटपणा साबणाच्या पाण्याने धुतला नाही, तर रंग धरत नाही. सांधे सायनोॲक्रिलेट गोंदाने जोडून फटी इपॉक्सी लुकणाने बुजवितात व त्यावर कातडीचा पोत कोरतात. उन्हाळ्यात मऊ व्हिनिल स्वतःच्या वजनाने खचते, म्हणून पायांत प्लॅस्टर भरण्याची पद्धत आहे. मराठवाड्यासारख्या कडक उन्हाळ्याच्या प्रदेशात ही काळजी विशेष आवश्यक ठरते.

प्राथमिक लेपानंतर गडद रंगाचा थर, त्यावर फवाऱ्याने मध्यम छटा आणि उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट छटा देतात. पातळ केलेला गडद रंग खाचांत सोडला असता खोली स्पष्ट होते. तैलयुक्त रंग व्हिनिलवर कित्येक महिने चिकट राहतात, कारण आतील प्लॅस्टिकीकारक पृष्ठभागावर येऊन ते पूर्ण वाळू देत नाही. त्यामुळे ॲक्रिलिक किंवा खास व्हिनिल रंग वापरतात. डोळे शेवटी रंगवून त्यांवर चकाकी देतात. रंगविणारास खऱ्या प्राण्याचा दाखला उपलब्ध नसल्याने तो बेडूक, सरडा, मगर यांच्या कातडीचा अभ्यास करतो. जो जीव कधी नव्हताच तो जिवंत भासावा, यासाठी प्रत्यक्ष निसर्गाचे निरीक्षण आवश्यक असते.

महाराष्ट्रातील स्थिती : अशा प्रतिकृतींना विज्ञानकाल्पनिक चित्रपट व दूरचित्रवाणी यांचा आधार लागतो. मराठीत विज्ञानकथेचा विकास प्रामुख्याने छापील माध्यमातून झाला. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ मध्ये झाली. परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी टोपणनावाने पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. या साहित्यातील नाट्य बहुधा कल्पनेचे व विचाराचे असून त्यात महाकाय जीवांना गौण स्थान आहे. याउलट हाताने आकृती घडविण्याचा वारसा येथे घरोघरी आहे. दिवाळीतील किल्ले व त्यांवरील मावळ्यांची चित्रे, सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी आणि बीडसह मराठवाड्यात पोळ्याला पुजले जाणारे मातीचे बैल ही त्याची परिचित उदाहरणे होत. साचा, ओतकाम व फवारारंग यांत मुरलेला कारागीरवर्गही महाराष्ट्रात मोठा आहे.

आरोग्य व पर्यावरण : मऊ व्हिनिलमधील काही थॅलेट प्लॅस्टिकीकारके आरोग्यास अपायकारक ठरल्याने यूरोपीय संघाने २००५ मध्ये व अमेरिकेने २००८ मध्ये मुलांच्या खेळण्यांतील त्यांच्या वापरावर कायद्याने निर्बंध घातले. भारतात खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. हा आदेश चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. प्रौढांच्या संचांबाबत धूळ, बाष्प व रंगाचा फवारा यांपासूनची काळजी वापरणाराने स्वतःच घ्यावयाची असते.

प्लॅस्टरच्या मूर्तींचा प्रश्न अधिक तीव्र आहे. घट्ट झालेले प्लॅस्टर म्हणजे जिप्सम असून ते पाण्यात फारच थोडे विरघळते. त्यामुळे विसर्जनानंतर मूर्तींचे अवशेष तळाशी साचतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये मूर्तिविसर्जनाबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली व मे २०२० मध्ये ती सुधारून प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई केली. या मनाईने पेण परिसरातील ज्या कुटुंबांची उपजीविका या कामावर चालते, ती संकटात सापडली. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जून २०२५ रोजी अशा मूर्ती करण्यास व विकण्यास मुभा दिली. मात्र न्यायालयाच्या अनुमतीवाचून नैसर्गिक जलाशयांत त्यांचे विसर्जन करण्यास प्रतिबंध केला. शाडूकडे परतावयाचे, तर वाळविण्याची जागा, वेळ व वाहतूक यांचे गणित नव्याने मांडावे लागते. कागदाच्या लगद्याचाही पर्याय वापरात आहे.

महत्त्व : पदार्थाची निवड ही केवळ सोयीची बाब नाही, असे हा इतिहास दर्शवितो. तेरची केओलिन मूर्ती भाजल्यामुळे जवळजवळ दोन हजार वर्षे टिकली व तिच्यावरून त्या काळचा वेश, अलंकार व व्यापार यांचे ज्ञान होते. शाडूची मूर्ती विरघळून जावी हाच तिच्या पूजाविधीचा अर्थ आहे. प्लॅस्टरची मूर्ती ज्या विधीसाठी घडविली जाते, त्याच विधीच्या आड तिचा टिकाऊपणा येतो. व्हिनिलची प्रतिकृती जपून ठेवण्यासाठी केलेली असली, तरी प्लॅस्टिकीकारक निघून गेल्यावर ती कालांतराने कडक होते.

कर्त्याच्या नावाबाबतही असाच फरक दिसतो. तेरच्या कारागिराचे नाव कोठेही नोंदलेले नाही, पेणची मूर्ती बहुधा कारखान्याच्या नावाने ओळखली जाते, तर गॅरेज किटच्या वेष्टनावर शिल्पकाराचे नाव छापण्याची प्रथा आहे. कच्ची मूर्ती रंगवून तिला मुद्रा देणारा परगावचा रंगारी मात्र आजही बहुतांशी अनामिक आहे. साचा आकृतीची पुनरावृत्ती करतो आणि रंगविणारा हात तिला वेगळेपण देतो. त्यामुळे यंत्रमुद्रणाने नमुने तयार होऊ लागल्यानंतरही डोळ्यांची आखणी करणाऱ्या हाताचे महत्त्व कमी झालेले नाही.